अर्जापूर्वीची तुलना आणि हमरापूरचे कारखाने

बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालयांची दारे बंद होईपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत आमच्या पेण-रोहे भागातील पालकवर्गाची जी तारांबळ उडते, ती दरसाल पाहून आता तिचे कोणास नवल वाटेनासे झाले आहे. बाजारात मडके घेताना ते वाजवून घेणारा गृहस्थ, आपल्या मुलाच्या आयुष्याची तीन-चार वर्षे आणि घरातील शिल्लक ज्या पदवीवर लावावयाची, ती पदवी देतो कोण, तिच्यासाठी मागतो काय, आणि ती हाती आल्यावर पुढे कोणत्या दारात उभे राहता येते, याची चौकशी करीत नाही. शेजाऱ्याचा मुलगा जेथे गेला तेथे आपलाही पाठवितो, किंवा महामार्गावरील मोठ्या फलकावर ज्या संस्थेचे नाव ठळक दिसले तेथे अर्ज भरितो. मग सहा महिन्यांनी कळते की, हवी असलेली शाखा निराळ्याच परीक्षेने मिळत होती आणि त्या परीक्षेची मुदत निकालाच्या कितीतरी आधी संपून गेली होती. अशा वेळी दोष नशिबाला दिला जातो. आमच्या मते यात नशिबाचा भाग थोडा आणि न वाचलेल्या माहितीपत्रकाचा भाग फार आहे.

हमरापूरचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. पनवेल-रोहे लोहमार्गावरील या स्थानकाची पाटी पुष्कळांनी आगगाडीतून पाहिली असेल. परंतु हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे महाराष्ट्रास ठाऊक झाली ती गणपतींमुळे. येथील कच्च्या मूर्ती मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांकडे रंगविण्यास जातात, आणि रंगवून तयार झालेल्या मूर्ती परदेशातील मराठी घरांपर्यंत पोहोचतात. या धंद्यात घरातील सर्व माणसे गुंतलेली असतात. शाळेतून आलेली मुलगी संध्याकाळी दागिन्यांचे सोनेरी रंग भरिते, मुलगा साचा सोडवितो आणि जाणता कारागीर डोळ्यांची आखणी करितो. भाद्रपदाच्या चतुर्थीस माल बाजारात पोहोचलाच पाहिजे, तेव्हा ज्येष्ठ-आषाढ-श्रावण हे महिने कारखान्यांच्या घाईचे. आणि विश्वविद्यालयांचे प्रवेशही नेमके त्याच महिन्यांत. ज्या दिवशी संगणकावर पसंतीक्रम भरण्याची मुदत संपते, त्या दिवशी घरातील कर्ता माणूस मालाची गाडी भरण्यात गुंतलेला असतो. महाविद्यालयाचा पहिला हप्ता ज्या आठवड्यात भरावयाचा, त्या आठवड्यात घरचे सर्व भांडवल माती, प्लास्टर आणि रंग यांत अडकलेले असते. धंद्याच्या पंचांगाचा आणि विद्यापीठाच्या पंचांगाचा हा विरोध शहरातील नोकरदारास कळणार नाही. पेणच्या व्यापाऱ्यास मात्र तो समजावून सांगण्याची गरज नाही.

धंदाही पूर्वीसारखा निर्धास्त राहिलेला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, परंतु परवानगीवाचून नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन करण्यास मनाई ठेविली. निकालाच्या गुणदोषांची चर्चा हे आजचे प्रयोजन नव्हे. पाच वर्षे आपल्या मालाला बाजार राहील की नाही या विवंचनेत ज्या घरांनी काढली, त्या घरांत "पोराने आता काहीतरी शिकून मोकळे व्हावे" हा विचार बळावला, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. मात्र 'काहीतरी' या शब्दातच सारा घोटाळा आहे. काय शिकावयाचे हे ठरलेले नसते, आणि जे शिकावयाचे त्याच्या अटी कोणी वाचलेल्या नसतात.

याच जिल्ह्यातील एक जुने उदाहरण येथे आठवते. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. त्यातील अलिबाग तालुक्यात सासवणे हे गाव आहे. तेथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरी गणपतीच्या मूर्ती घडत, त्यांतच त्यांचा हात तयार झाला. गावच्या देवळातील भिंतीवर त्यांनी काढिलेले शिवाजीमहाराजांचे चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साहाय्याने हा तरुण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाला. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील १९२८ चा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. गणपतीच्या कारखान्यातून कलाशाळेत जाणारी वाट अशी आमच्याच भागातून शंभर वर्षांपूर्वी चालून गेलेली आहे. परंतु त्या काळी गुणज्ञ अधिकाऱ्याची नजर पुरली. आज प्रत्यक्ष जिल्हाधिकाऱ्याने शिफारस केली तरी प्रवेश मिळणार नाही. आज परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षेस बसण्यासाठी मुदतीत नाव नोंदवावे लागते. ही व्यवस्था वशिल्यापेक्षा न्याय्य आहे, यात शंका नाही. पण ज्याला तिची माहितीच नाही, त्याच्या दृष्टीने ती न्याय्य असून नसून सारखीच.

ती माहिती काही गुप्त नाही. ललित कलांच्या चार वर्षांच्या पदवीसाठी, म्हणजे ज्यास बीएफए म्हणतात तिच्यासाठी, राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे स्वतंत्र कला-परीक्षा घेतली जाते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्प आणि कलाविषयक सामान्यज्ञान यांची कसोटी असते. बारावी कोणत्या शाखेतून झाली याला येथे महत्त्व नाही. म्हणजे हमरापूरच्या ज्या मुलाने चांगले चित्र काढिता येत असूनही 'मान मोठा' म्हणून विज्ञान शाखा घेतली आणि तीत दोन वर्षे रडतखडत काढिली, त्याला ती घेण्याचे काही कारणच नव्हते. कला शाखेतून, वाणिज्य शाखेतून, सुखाने शिल्पकलेच्या वर्गात जाता आले असते. परंतु बारावीचा निकाल लागल्यावर जागा झालेल्यास या परीक्षेचा उपयोग नाही. तिच्यासाठी नाव नोंदविण्याची मुदत त्यापूर्वी पुष्कळ आधी संपलेली असते. आणखी एक गोष्ट. ज. जी. ही संस्था १८५७ पासूनची. ती दीर्घ काळ मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. २०२३ साली कला, वास्तुकला व उपयोजित कला या तिच्या तिन्ही शाखा मिळून एक अभिमत विद्यापीठ झाले. तेव्हा दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या आतेभावाने सांगितलेले नियम आज प्रमाण मानून चालणार नाही. संस्थेचे चालू वर्षाचे पत्रक स्वतः वाचिले पाहिजे.

पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून आहे. तेथील पदवीच्या वर्गात जाण्यासाठी यूसीड नावाची परीक्षा असते. तिलाही शाखेची अट नाही. वस्तूचा आकार मनात आणणे, तो वळवून-फिरवून पाहणे, घडणीतील अडचण ओळखणे, अशा गुणांची ती परीक्षा. आणि साच्यात वाढलेल्या मुलाजवळ हे गुण पुस्तकी मुलापेक्षा कमी असण्याचे कारण दिसत नाही. मात्र ही परीक्षा जानेवारीत होते आणि तिचे अर्ज त्याच्या आधीच्या ऑक्टोबरपासून घेतले जातात. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू व्हावयाची, त्याआधीच हे दार उघडून बंद झालेले असते. आमच्या ग्रामीण भागातील किती शाळांच्या फलकांवर ऑक्टोबर महिन्यात या परीक्षेची सूचना लागते, हे मुख्याध्यापकांनीच आपल्या मनाशी पाहावे.

अभियांत्रिकीची कथा निराळी, आणि तीत फसगत अधिक. या पदवीस बारावीत भौतिकशास्त्र व गणित हे विषय असावे लागतात. अकरावीत गणित अवघड म्हणून ते सोडून जीवशास्त्र धरिले, की वैद्यक, औषधनिर्माण वगैरे वाटा राहतात, पण यंत्रशास्त्राचे दार त्याच दिवशी लागते. ते पुढे दोन वर्षांनी उघडण्यासाठी कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ. राज्याच्या सामायिक परीक्षेत गणिताचे पन्नास प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, तर भौतिक व रसायन या शास्त्रांचे पन्नास-पन्नास प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे असतात; म्हणजे दोनशेपैकी निम्मे गुण एकट्या गणिताचे. अभ्यासक्रमाचा सुमारे पंचमांश भाग अकरावीचा, बाकीचा बारावीचा. एवढ्या दोन गोष्टी ज्याला दहावीनंतर ठाऊक झाल्या, त्याने विषय निवडताना काय करावे हे त्याला दुसऱ्याने सांगावयास नको. यासाठीच आमचा आग्रह असा की, विद्यापीठांच्या अटींची तुलना बारावीनंतर करण्याचा प्रघात सोडून ती दहावीच्या वर्षातच झाली पाहिजे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही साऱ्या राज्यात संगणकाद्वारे होऊ लागले आहेत, तेव्हा निवडीचा पहिला दगड आता तेथेच पडतो.

याच अनुषंगाने लोणेऱ्याचा विचार करू. माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आमच्या जिल्ह्याचे भूषण आहे. पूर्वी ते आपल्याच आवारात शिकवी. आता राज्यभरातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. त्यामुळे असा चमत्कार घडतो की, विदर्भातील एखाद्या महाविद्यालयात शिकणारा मुलगा लोणेऱ्याचा पदवीधर होतो, आणि लोणेऱ्याहून तासा-दोन तासांच्या अंतरावर शिकणारा दुसरा मुलगा मुंबई विद्यापीठाचा. 'लोणेऱ्याची पदवी' म्हणजे 'लोणेऱ्यात मिळालेले शिक्षण' असे नव्हे, हे भेद जाणूनच पसंतीक्रम भरावा. प्रयोगशाळा, अध्यापकांची संख्या, मागील वर्षी कोणत्या गुणांवर प्रवेश बंद झाला, वसतिगृह आहे किंवा नाही, या गोष्टी महाविद्यालयागणिक बदलतात. विद्यापीठाचे नाव एक असले म्हणून त्या एक होत नाहीत. उलट, ज्या गोष्टीवरून आमच्याकडे कट्ट्यावर तावातावाने वाद होतात, ती म्हणजे बी.ई. थोर की बी.टेक. थोर, तिला काडीचे महत्त्व नाही. दोन्ही पदव्या योग्यतेने सारख्याच, नाव विद्यापीठाच्या रीतीप्रमाणे.

पसंतीक्रमाविषयीही एक नियम व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवावा. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे, दुसरीत पहिल्या तीनांपैकी, आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी महाविद्यालय मिळाल्यास ते बंधनकारक ठरले. पुढील फेरीत त्याहून बरे मागण्याची सोय उरली नाही. ज्यांनी पहिली सहा नावे विचार न करिता, कोणीतरी सांगितली म्हणून लिहिली, त्यांस ती विनाविचार लिहिलेली नावेच चिकटली. हा नियम पुढील वर्षी बदलेलही. म्हणून तर त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचण्याचा आमचा आग्रह.

पदवीच्या लांब वाटेखेरीज पदविकेची वाट आहे, आणि कारखानदारांच्या घरांस ती अधिक सोयीची असूनही तिच्याकडे पाहण्याची दृष्टी अजून कमीपणाची आहे. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका, आणि तीत चांगले गुण मिळाल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. पेण येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. घरी राहून, भाड्याच्या खोलीचा खर्च वाचवून, हंगामात कारखान्यास हात देऊन शिकता येते. एकूण वर्षे मोजिली तर अकरावी-बारावी व पदवी मिळून सहा, पदविका व पदवी मिळूनही सहाच. पण मध्ये तीन वर्षांनंतर हातात एक स्वतंत्र प्रमाणपत्र असते, आणि घरात संकट आले तर तेवढ्यावर थांबता येते. हा हिशेब ज्याने एकदा कागदावर मांडिला, त्याच्या तोंडून 'पदविका म्हणजे नापासांची सोय' हे वाक्य पुन्हा निघणार नाही.

नावांचा घोटाळा वाणिज्य शाखेतही आहे. २०२४ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीसीए, बीएमएस या पदव्या आपल्या कक्षेत घेतल्या, आणि त्या वर्षापासून महाराष्ट्रात त्यांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. त्यावर काही महाविद्यालयांनी तोडगा काढिला: बीएमएस हे नाव सोडून 'बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास)' अशा नावाने अभ्यासक्रम चालू ठेविला, की जेणेकरून प्रवेश परीक्षेची अट लागू नये. यात बेकायदा काही नाही, आणि शिकवणीही वाईट असेल असे नाही. परंतु दोन पाट्यांमागे काय आहे, हे विचारल्याखेरीज पालकास कळत नाही. एकीकडे परीक्षा न दिल्याने आपले दार बंद झाले असे समजून मुलगा वर्ष वाया घालवितो, आणि शेजारच्याच गावातील महाविद्यालयात जवळजवळ त्याच विषयांची पदवी परीक्षेवाचून मिळत असते. तीन वर्षांची पदवी की चार वर्षांची, हाही नवा प्रश्न. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोनांनंतर पदविका, तीनांनंतर पदवी आणि चारांनंतर सन्मान पदवी अशी पायऱ्यांची रचना झाली असून, राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४ पासून लागू झाली. पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयासारख्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांनी चौथे वर्ष आपल्याच महाविद्यालयात मिळेल की त्यासाठी दुसरीकडे जावे लागेल, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

आता पदवी देणाऱ्याच्या अधिकाराविषयी. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव देशमुख, ज्यांनी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे अर्थमंत्री म्हणून नाव मिळविले, ते १९५६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्या आयोगाच्या कायद्याचे बाविसावे कलम सांगते की, कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ अथवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांखेरीज कोणासही पदवी देण्याचा अधिकार नाही. असे असूनही आयोगास वेळोवेळी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करावी लागते, आणि त्या यादीत महाराष्ट्रातील एक नाव वर्षानुवर्षे झळकत आहे. खोटे नाणे ओळखण्यात आमचे व्यापारी तरबेज आहेत. ही यादी उघडून पाहण्यास त्या कसबाचीही गरज नाही. दूरशिक्षणाच्या बाबतीत मात्र उलटी भीती दिसते. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले. कारखाना सांभाळून इतिहास किंवा वाणिज्य शिकू पाहणाऱ्या मुलीस ही वाट मोकळी आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचर्या, विधी हे विषय मात्र असे घरबसल्या शिकता येत नाहीत, आणि कोणी तसे आश्वासन देत असेल तर त्याच्याशी व्यवहारच करू नये.

खर्चाच्या तुलनेत आमचे लोक केवळ फीचा आकडा पाहतात. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे माफ झाले. पेण तालुक्यातील आगरी समाजाच्या किती मुली या सवलतीत बसतात, याचा विचार करावा. परंतु ही सवलत शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्या मुलींस आहे; व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली तर नाही, आणि खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठात गेले तरी नाही. दोन संस्था रस्त्याच्या दोन बाजूंस उभ्या असतील, दोन्हींत तीच शाखा असेल, आणि एकीत शुल्क शून्य तर दुसरीत लाखाच्या घरात असेल. घाईत अथवा कोणा मध्यस्थाच्या सांगण्यावरून "जागा अडवून ठेवण्यास" पैसे भरिले, तर हा फरक पदरात येतो. त्यातही एक आधार आहे. आयोगाच्या धोरणाप्रमाणे २०२४-२५ साली ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास सर्व शुल्क, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केल्यास फार तर एक हजार रुपये वजा करून बाकीचे परत देणे संस्थांस बंधनकारक होते. मुलाचे मूळ दाखले अडवून ठेवण्याचा अधिकार तर कोणत्याच संस्थेस नाही.

दाखल्यांचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकू. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशास जातीचा दाखला पुरत नाही, जातवैधता प्रमाणपत्र लागते. आणि ते काही आठ दिवसांत तयार होत नाही. उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, ही सर्व कागदपत्रे जूनच्या गर्दीत मागावयास जाणे म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी माती भिजत घालणे होय. आमच्या भागातील कातकरी व ठाकर वस्त्यांतील मुलांच्या हक्काच्या जागा याच एका कागदावाचून हुकतात, हे आम्ही खेदाने लिहितो. त्यांच्या आईबापांस वेठीस धरून तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावयास लावणे हा सरकारी यंत्रणेचा दोष आहे, आणि शाळांतच शिबिरे भरवून तो निवारण करणे शक्य आहे.

तुलना करून, अटी वाचून, लेखी विचारणा करून विद्यापीठ निवडणे ही आजची टूम आहे असे कोणी समजू नये. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयास जे प्रवेशपत्र लिहिले, त्यात आपली तयारी कोठवर आहे आणि कोठे उणी आहे हे स्वच्छ सांगितले होते. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. डॉ. आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली लंडनला आले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परत येणे भाग पडले तेव्हा, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवूनच ते निघाले. ती हाती नसती तर १९२३ ची डी.एस्सी. कोठून आली असती? ज्याच्याजवळ पैसा व वशिला नाही, त्याने नियम इतरांपेक्षा अधिक बारकाईने वाचावे लागतात, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

काही मंडळी म्हणतील, एवढी चिकित्सा कशाला? आमच्याच पेण तालुक्यातील गागोद्याच्या विनोबांनी १९१६ साली इंटरच्या परीक्षेकडे पाठ फिरवून काशीची वाट धरिली, आपले दाखले अग्नीत टाकिले, आणि त्यांचे काय अडले? अडले काहीच नाही. पण दाखले जाळण्याचा अधिकार ज्याच्या हाती दाखले आहेत त्याचा. आमच्या कारागिरांच्या मुलांपुढे आज हा प्रश्न नाही. दुसरे म्हणतील, सर्वच शिकून गेले तर साचे कोण सोडविणार? या आक्षेपात धंद्याविषयीचे प्रेम आहे, म्हणून त्याचा आदर करून सांगतो की, शिकून परत आलेला शिल्पकार, रसायनशास्त्र जाणणारा मुलगा किंवा निर्यातीचे कायदे समजणारी मुलगी यांची गरज या धंद्यास आज जितकी आहे तितकी पूर्वी कधीच नव्हती. शाडूची मूर्ती जड होते व तडकते, प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. या दोहोंमधील वाट प्रयोगशाळेत शिकलेल्या आणि कारखान्यात वाढलेल्या माणसासच सापडण्याचा संभव अधिक.

विद्यापीठांकडेही आमचे एक मागणे आहे. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासही श्रेयांक देण्याची कल्पना मान्य झाली आहे. मग ज्या तरुणाने हमरापुरात आठ-दहा हंगाम मूर्ती घडविल्या, त्याच्या हातातील विद्या मोजण्याची काही रीत मुंबईच्या आणि लोणेऱ्याच्या विद्यापीठांनी, तसेच ज. जी.च्या नव्या अभिमत विद्यापीठाने, ठरवू नये काय? आज त्याला स्मरणचित्राच्या परीक्षेत शहरातील शिकवणीवाल्या मुलाशी बरोबरी करावी लागते आणि त्याच्या दहा वर्षांच्या श्रमांचे मोल शून्य धरिले जाते. या संस्थांनी एक-दोन अध्यापक येथे पाठवून कारखाने नुसते पाहिले तरी पुष्कळ होईल.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करावे. पेणच्या व्यापारी मंडळींनी व हमरापूर भागातील कारखानदारांनी मिळून एक साधा तक्ता तयार करवावा. त्यात अभ्यासक्रमाचे नाव, पदवी देणारे विद्यापीठ, बारावीत लागणारे विषय, प्रवेश परीक्षा, अर्जाची पहिली व शेवटची तारीख, वसतिगृहासह वर्षाचा खर्च आणि लागणारे दाखले एवढे रकाने पुरेत. दरसाल शाळेतील एका शिक्षकाने मूळ पत्रके पाहून तो दुरुस्त करावा, आणि ग्रामपंचायतीने आपल्या फलकावर लावावा. गणपती गेले की कारखान्यांत काही दिवस शांतता असते, उधारी वसूल होऊ लागलेली असते, आणि आश्विनाच्या सुमारास पुढील वर्षाच्या पहिल्या परीक्षांचे अर्ज निघू लागतात. त्या पंधरवड्यात दहावीच्या वर्गातील मुले व त्यांचे पालक यांस एकत्र बसवून हा तक्ता वाचून दाखवावयास एक संध्याकाळ पुरते. बसावयास निराळे सभागृहही नको. मूर्ती गेल्यामुळे कारखान्याच्या मांडवात जागा रिकामीच असते.